मॉरिशसला दिवाळीच्या सुट्टीत सात रात्री: रिसॉर्टच्या बाहेरचं बेट कसं बघायचं

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात लिहिते म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. दिवाळीच्या सुट्टीत मॉरिशस, सात रात्री, पश्चिम किनाऱ्यावर फ्लिक-आं-फ्लाकला बीच रिसॉर्ट, तुम्ही दोघं, नऊ वर्षांची लेक आणि शाकाहारी सासूबाई. एजंटने ऑल इन्क्लुझिव्ह प्लॅन दिलाय आणि वर नॉर्थ टूर, साऊथ टूर, इल ओ सेर्फ नावाचं छोटं बेट अशा एकेका दिवसाच्या तीन ट्रिपा. तुम्ही विचारताय की एवढ्यात तिथली माणसं, त्यांचं राहणं-खाणं, सणवार आणि निसर्ग नीट बघून होईल का. मी सतरा वर्षं मराठी कुटुंबांना मॉरिशसला घेऊन जातेय, म्हणून सरळच सांगते, या पॅकेजमध्ये नाही होणार. पण त्याच तारखांना त्याच रिसॉर्टवर राहून फार छान होईल, फक्त दोन गोष्टी आज-उद्याच बदलून घ्या.

पहिली गोष्ट जेवणाचा प्लॅन. ऑल इन्क्लुझिव्ह घेतलं की माणूस बाहेर पडतच नाही, हे मी इतक्या वेळा बघितलंय की आता बुकिंगच्या आधीच हात जोडून सांगते. दुपारी एक वाजता तुम्ही राजधानी पोर्ट लुईच्या बाजारात असता, भूक लागलेली असते, समोर गरम तव्यावरून ढोल पुरी म्हणजे डाळ भरलेली पातळ पोळी निघत असते आणि कोणीतरी म्हणतंच, अगं जेवणाचे पैसे भरलेत ना तिकडे, चला परत. मग तासभर गाडीत, रिसॉर्टवर पोचेपर्यंत बुफे आवरत आलेला आणि दिवस संपला. फक्त ब्रेकफास्ट, किंवा फार तर ब्रेकफास्ट आणि रात्रीचं जेवण, एवढंच ठेवा. जो फरक वाचेल त्यात दोन दिवसांच्या ड्रायव्हरचे पैसे बऱ्याचदा निघतात.

दुसरी गोष्ट त्या नॉर्थ-साऊथ टूर. त्यात एका दिवसात सात-आठ ठिकाणं असतात आणि मधे जहाजांची मॉडेल बनवणारा कारखाना नाहीतर एखादं दागिन्यांचं दुकान असतं, तिथे पाऊण तास जातो आणि जे बघायला आलात तिथे वीस मिनिटं मिळतात. माझ्या पहिल्याच ग्रुपला मी असंच फिरवलं होतं. एका काकांनी शेवटच्या दिवशी विचारलं, इथले लोक राहतात कुठे गं? चार दिवसांत आम्ही एकाही गावातून पायी चाललो नव्हतो. त्या प्रश्नाने मला फार वाईट वाटलं आणि तेव्हापासून माझा नियम आहे, एका दिवसात दोन जागा, फार तर तीन, आणि त्यातली एक तरी अशी जिथे तिथले लोक स्वतःच्या कामासाठी येतात. टूर रद्द करा आणि तीन किंवा चार दिवस पूर्ण दिवसाचा टॅक्सी ड्रायव्हर ठरवा. दुकानात थांबायचं नाही हे पहिल्याच फोनवर स्पष्ट सांगा, दर आधी ठरवा, आणि दुपारी त्याला तुमच्याबरोबर जेवायला बसवा. तिथला ड्रायव्हर बरोबर जेवायला बसला की कुठे थांबायचं हे तोच सांगायला लागतो.

आता वेळेचं. नोव्हेंबरमध्ये तिकडे उन्हाळा सुरू होतो, सकाळी साडेपाचच्या सुमारास उजाडतं आणि संध्याकाळी साडेसहापर्यंत काळोख. दुकानं, बाजार पाच वाजता आवरायला लागतात. घड्याळ आपल्या दीड तास मागे, त्यामुळे पहिले दोन दिवस तुम्हाला तशीही पहाटे जाग येणार आहे, तिचा उपयोग करा. साडेसातला बाहेर पडायचं, दोन-अडीचला परत, मग समुद्र, पोहणं, लेकीची वाळू. रिसॉर्ट पण वसूल होतो आणि बेटही दिसतं. नोव्हेंबर तसा चांगला महिना आहे, जुलै-ऑगस्टचा आग्नेय वारा कमी झालेला असतो, पाणी उबदार असतं, चक्रीवादळाचा धोका मुख्यतः जानेवारी ते मार्च. आणि रस्तोरस्ती गुलमोहर. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये फुलतो तो तिकडे वर्षाच्या शेवटी फुलतो, सासूबाईंना नवल वाटेल.

जायच्या आधी एक गोष्ट घरात सगळ्यांना सांगून ठेवा, लेकीला तर नक्कीच. या बेटावर मुळातले रहिवासी कोणीच नाहीत. १५९८ मध्ये डच उतरले तेव्हा इथे माणूस नव्हता, डोडो होता, आणि शंभर वर्षांच्या आत तो संपला. मग १७१५ पासून फ्रेंच, त्यांनी आफ्रिका आणि मादागास्करहून गुलाम आणले, १८१० मध्ये इंग्रजांनी बेट घेतलं, १८३५ मध्ये गुलामी बंद झाली आणि उसाच्या मळ्यांना मजूर हवे म्हणून हिंदुस्थानातून गिरमिटिये म्हणजे कराराने बांधलेले मजूर आणले. व्यापारी म्हणून चिनी आले, गुजराती आले. म्हणून तिथे लोकल कल्चर म्हणजे काय असं विचारलं तर उत्तर एकाच ताटात मिळतं. ढोल पुरी बिहारी, त्यातली रुगाय म्हणजे टोमॅटोचा रस्सा फ्रेंच वळणाचा, मिरचीची चटणी आपली, बाजूला चिनी नूडल्स, आणि हे सगळं विकणारी बाई बोलते क्रिओल, म्हणजे फ्रेंचमधून घडलेली तिथली भाषा.

पहिला पूर्ण दिवस पोर्ट लुईला द्या, आठवड्याच्या मधल्या वारी, रविवारी नको. थेट आप्रवासी घाटावर जा, म्हणजे ते गिरमिटिये जिथे उतरायचे त्या जागी. जागा छोटी आहे, बंदराला लागून काळ्या दगडाच्या काही खोल्या आणि समुद्राकडून वर येणाऱ्या पायऱ्या, सोळा पायऱ्या म्हणून ओळखतात. १८३४ ते १९२० या काळात जवळपास पाच लाख माणसं हिंदुस्थानातून या बेटावर आली, कलकत्ता, मद्रास आणि आपल्या मुंबई बंदरातून. मुंबईहून आलेल्यांत रत्नागिरी-सावंतवाडीकडचे, साताऱ्याकडचे लोक होते. २ नोव्हेंबर १८३४ ला ॲटलास नावाच्या जहाजातून पहिली तुकडी उतरली आणि तो दिवस आज सरकारी सुट्टीचा आहे. २००६ मध्ये युनेस्कोने ही जागा जागतिक वारशात घेतली. शेजारीच माहिती केंद्र आहे, आधी ते बघा, किमान तासभर, मग पायऱ्यांपाशी या. मोका गावातल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये त्या मजुरांची रजिस्टरं आणि फोटो अजून जपून ठेवलेत, प्रत्येकाला नंबर, गाव, जात, उंची, अंगावरची खूण. आजही लोक तिथे जाऊन आपला पणजोबा कुठल्या गावचा ते शोधतात. मी एका बाईंना बघितलंय, हातात कागद घेऊन बसल्या होत्या आणि गावाचं नाव इंग्रज कारकुनाने असं काही लिहिलं होतं की कळेना, मोठ्याने चार वेळा वाचलं तेव्हा लक्षात आलं, राजापूर. त्या बाईंना मराठी बोलता येत नव्हतं, पण तो शब्द त्या कितीतरी वेळ पुटपुटत राहिल्या.

घाटावरून पायीच सेंट्रल मार्केट. इथे सासूबाईंना पुढे करा, खरंच सांगते. भाजीच्या भागात त्या ज्या भाज्या ओळखतील त्यांची नावं तिथे काय आहेत ते विचारायला लावा. शेवग्याचा पाला तिथे ब्रेद मुरुम, अळूची पानं ब्रेद सोंज, दोडका पिपांगाय, कारलं मार्गोज, कोथिंबीर कोतोमिली, कढीपत्ता कारीपुले. शेवटची दोन नावं तमिळमधून आलीत. भाजीवालीला बोंझूर म्हणायचं, की मान्येर म्हणजे कसं काय, ती कोरेक म्हणेल म्हणजे बरं आहे, निघताना मेर्सी. एवढ्या चार शब्दांवर लोक किती खुलतात ते बघा. बोंझूर न म्हणता डायरेक्ट भाव विचारला तर मात्र तिकडे उद्धटपणा वाटतो, हे लक्षात ठेवा.

ढोल पुरीबद्दल जरा जास्त लिहिते कारण माझ्या मते मॉरिशस समजून घ्यायला याच्यासारखं दुसरं काही नाही, आणि सासूबाईंचा जेवणाचा प्रश्न पण यानेच सुटतो. दिसायला आपल्या पुरणपोळीची बहीण, पण गोड नाही. पिवळी डाळ उकडून, कोरडी वाटून, जिरं-हळद घालून मैद्याच्या पिठात भरतात आणि इतकी पातळ लाटतात की हातावर धरली की पलीकडचं बोट दिसतं. नेहमी जोडी घेतात, एक कोणी मागत नाही. विकणारा दोन पुऱ्या एकावर एक टाकतो, चमच्याच्या पाठीने मोठ्या पावट्यासारख्या दाण्यांची आमटी फासतो, वर टोमॅटोची रुगाय, मग अशार म्हणजे लोणच्याच्या मसाल्यातली कोबी-गाजर, मग विचारतो, पिमाँ? म्हणजे मिरची. तिथली मिरचीची चटणी जहाल असते, लेकीसाठी नको म्हणा. मग गुंडाळून पातळ कागदात. उभ्याने खायचं, रस मनगटापर्यंत येतो. सासूबाईंसाठी विचारायचं ते एवढंच की रुगाय नुसती टोमॅटोची आहे ना, कारण सुकी मासळी घातलेली रुगाय पण असते. गातो पिमाँ म्हणजे डाळीचे मिरची घातलेले छोटे वडे, लोक सकाळी पावात लोणी लावून त्यात हे भरून खातात, ते पण शाकाहारी. वरून आलुदा प्या, आपल्या फालुद्याचाच भाऊबंद, सब्जा घातलेला.

आता दिवाळी. तुम्ही लक्ष्मीपूजनाच्या दिवशी तिथे असाल, दिवाळीची सरकारी सुट्टी असते, आणि एजंटने त्या रात्री रिसॉर्टवरचा गाला डिनर ठेवलाय असं तुम्ही लिहिलंय. तो काढून टाका. संध्याकाळी ड्रायव्हरला घेऊन त्रिओलेला जा, पोर्ट लुईच्या उत्तरेला, रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी लांबच लांब पसरलेलं गाव आहे आणि दिवाळीच्या रोषणाईसाठी अख्ख्या बेटावर प्रसिद्ध आहे. गर्दी होते, गाडी मुंगीच्या पावलाने चालते, तर गाडी लांब लावा आणि चाला. घरांच्या गच्च्या, कुंपणं, झाडं सगळी दिव्यांनी भरलेली, अंगणात हनुमानाचं छोटं देऊळ आणि बांबूवर लाल झेंडे, पायरीवर पणत्या. लोक फाटकापाशी उभे असतात आणि अनोळखी माणसालाही गोड देतात. ते गोड म्हणजे गातो पतात, हे नक्की खायचं. रताळं उकडून कुस्करून त्यात मैदा मळतात, त्याची पारी लाटून आत ओलं खोबरं, साखर, वेलची, अर्धगोल दुमडून कडा काट्याने दाबतात आणि तळतात. बघता क्षणी तुम्ही म्हणाल करंजी. चावल्यावर रताळ्याचा मऊ गोडवा येतो आणि कळतं की ही घरापासून फार लांब येऊन राहिलेली करंजी आहे. दिवाळीच्या दिवशी ही डब्यात भरून शेजारी जाते, शेजारी मुसलमान असो, ख्रिस्ती असो, चिनी असो, आणि ईदला तिकडून बिर्याणी येते. त्रिओले लांब वाटलं किंवा लेक दमली तर तुमच्या रिसॉर्टच्या आसपासच्या कुठल्याही गावात संध्याकाळी सात वाजता पायी फिरलात तरी हे सगळं दिसेल.

आणि गावाचं म्हणाल तर तुमच्या रिसॉर्टपासून गाडीने दहा-पंधरा मिनिटांवर कास्काव्हेल आहे. हे तुमच्या पॅकेजमध्ये कुठेच नाही आणि मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते याचंच. मॉरिशसमधल्या मराठी माणसांचं हे जुनं गाव. उसाच्या मळ्यांच्या मधे वस्ती, मागे डोंगर, गावात देऊळ. इथल्या लोकांची आडनावं ऐकाल तर गंमत वाटेल, बरीचशी जी ने संपतात, कारण उतरताना कारकुनाने आजोबांचं जे पहिलं नाव लिहून घेतलं तेच पुढे घराण्याचं आडनाव झालं. घरात बोलतात क्रिओल, कामावर फ्रेंच आणि इंग्रजी, मराठी मुलं शाळेत विषय म्हणून शिकतात, हो, तिथल्या प्राथमिक शाळांत मराठी शिकता येते. गणेश चतुर्थीची तिकडे सरकारी सुट्टी असते आणि ही सुट्टी मिळालीय ती या छोट्याशा समाजाच्या सणाला. विसर्जनाला झाकरी नाचतात. झाकरी म्हणजे कोकणातली जाखडी, आपण बाल्या नाच म्हणतो तोच, मधे ढोलकी आणि गाणारा, भोवती गोल. दीडशे वर्षांपूर्वी बोटीतून आलेली माणसं बरोबर फारसं काही आणू शकली नव्हती, पायातला ताल तेवढा आला. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला काहीच बोलता येईना, माझं आजोळ गुहागरकडचं, मी हा नाच शिमग्याच्या आणि गणपतीच्या दिवसांत लहानपणी बघितलाय, आणि इथे चारी बाजूंना ऊस, समोर हिंदी महासागर, आणि नाचणाऱ्या पोरी आपापसात क्रिओलमध्ये बोलतायत.

तुम्ही दिवाळीत जाताय तर झाकरी बघायला मिळेल असं नाही, पण देवळात जा. संध्याकाळच्या आरतीच्या वेळी, खांदे झाकलेले कपडे, चपला बाहेर, फोटो विचारून. मुंबईहून, पुण्याहून, जिथून असाल तिथून आलोय एवढं सांगा. आरती तुम्हाला पाठ असलेलीच असेल, चाल थोडी वेगळी, उच्चारात र जरा घशातला. सासूबाईंनी बरोबर म्हटली की पुढे तुम्हाला काहीच करावं लागणार नाही, म्हाताऱ्या बायका स्वतःहून शेजारी येऊन बसतात. कुणी घरी चहाला बोलावलं तर जा. व्हॅनिलाचा चहा असतो बहुतेक, दुधाचा.

सेगाचं, म्हणजे तिथल्या पारंपरिक गाण्या-नाचाचं, पण विचारलंय तुम्ही. रिसॉर्टवर आठवड्यातून एकदा सेगा शो असतो, फुलाफुलांचे घेरदार स्कर्ट, की-बोर्ड, पाहुण्यांना ओढून नाचवणं. नाचणाऱ्या मुली मेहनती असतात, त्याला नावं ठेवत नाही, पण सेगा त्याहून खूप मोठी गोष्ट आहे. गुलामांनी मळ्यावरच्या दिवसानंतर रात्री आगीभोवती गायलेलं-नाचलेलं हे, पूर्वी मळेवाल्यांना आणि चर्चला न आवडणारं, आणि २०१४ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेलेलं. (त्याच यादीत २०१६ मध्ये तिथल्या भोजपुरी बायकांचं लग्नातलं गीत-गवई पण आलं.) वाद्यं तीनच, रावान म्हणजे बकऱ्याच्या कातड्याचा मोठा डफ, मारावान म्हणजे बिया भरलेली चपटी पेटी ती हलवायची, आणि लोखंडी त्रिकोण. मी नैऋत्येला ल मॉर्न डोंगराच्या बाजूला एका संध्याकाळी बघितलं ते सांगते. वाजवणाऱ्या म्हाताऱ्याने आधी वाळूत सुकी पानं पेटवली आणि रावान त्या जाळावर धरून हळूहळू फिरवत राहिला, मधे मधे अंगठ्याने टिचकी मारून कान लावायचा, पुन्हा शेकायचा, कारण समुद्राच्या दमट हवेत कातडं सैल पडतं. दहा-बारा मिनिटं हेच. आपल्याकडे डफ शेकतात, हुबेहूब तसंच. मग एकच ठोका दिला आणि बसलेल्या बायका उठल्या. पाय वाळूवरून उचलत नाहीत, सरपटवत नाचतात, कंबर आणि हात बोलतात, जोडीदार एकमेकांना शिवत नाहीत.

असं बघायचं तर रविवारची दुपार पब्लिक बीचवर काढा. तुमच्या रिसॉर्टपासून किनाऱ्याने चालत जाल तर फ्लिक-आं-फ्लाकचा सार्वजनिक किनारा लागतो, सुरूची झाडं, आपल्या कोकणात असतात तशीच, आणि त्यांच्या सावलीत रविवारी अख्खी अख्खी कुटुंबं बस करून येतात, मोठाली पातेली, बिर्याणी, गाद्या, आजी खुर्चीत, आणि दुपार कलली की कोणाकडून तरी रावान निघतोच. तिथे किनारा भरतीच्या रेषेपर्यंत सगळ्यांचा असतो, रिसॉर्टच्या समोरचाही, त्यामुळे बिनधास्त चाला. जवळ बसा, हसा, अननस घ्या. फेरीवाला अननस मूठ ठेवून सोलतो, तिरक्या खाचा पाडून, वर मीठ-मिरची.

निसर्गासाठी एक पूर्ण दिवस नैऋत्येचा ठेवा, तुमच्यापासून जवळ आहे. ल मॉर्न हा समुद्रात घुसलेला ५५६ मीटरचा काळा कडा, पळालेले गुलाम या डोंगरावर लपून राहायचे. लोक सांगत आलेत की १८३५ मध्ये गुलामी संपल्याची बातमी द्यायला शिपाई वर चढले, ते पकडायलाच येतायत असं समजून वरच्यांनी कड्यावरून उड्या टाकल्या. २००८ मध्ये ही जागा पण जागतिक वारशात गेली. पायथ्याशी स्मारक आहे, सासूबाई आणि लेक तिथे आरामात फिरतील. तुम्हाला चढायचं असेल तर पहाटे गेट उघडल्याबरोबर, अर्ध्या वाटेपर्यंतचा रस्ता सोपा आहे आणि तिथूनच लगून म्हणजे प्रवाळाच्या भिंतीच्या आतलं उथळ पाणी पूर्ण दिसतं. पुढचा टप्पा हातापायाने चढायचा, त्याला गाइड हवाच आणि पाऊस पडून गेला असेल तर सोडून द्या. हेलिकॉप्टरमधून दिसणारा तो पाण्याखालचा धबधबा विकायला एजंट येतील. तो धबधबा नाही, वाळू आणि गाळ उताराने खोल पाण्यात सरकतो तेव्हा वरून तसा दिसतो. सुंदर दिसतो यात शंका नाही, पण चौघांचे ते पैसे मी तरी खर्च करणार नाही.

तिथून वळणं घेत शामारेलला. सात रंगांची माती अर्ध्या तासात बघून होते, ज्वालामुखीचा दगड कुजून माती होताना लोह आणि ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडमुळे रंग वेगवेगळे झालेत. जेवायला मात्र थांबा, गावात घरगुती खानावळी आहेत, आदल्या दिवशी फोन करून शाकाहारी सांगून ठेवा. मग ब्लॅक रिव्हर गॉर्जेसचा व्ह्यू पॉइंट, जुनं जंगल जे काही उरलंय ते इथे, खाली दरीत लांब पांढऱ्या शेपटीचा पक्षी तरंगताना दिसला तर तो पाय-आं-क्यू, लेकीला दाखवा. आणि शेवटी गंगा तलाव. उंचावर आहे, ढग उतरलेले असतात, जॅकेट घ्या. ३३ मीटरचा मंगल महादेव लांबूनच दिसतो पण मला तिथली खरी जागा वाटते ती तळ्याकाठच्या पायऱ्या. महाशिवरात्रीला पांढरे कपडे घालून लोक बेटाच्या कानाकोपऱ्यातून पायी इथे येतात, कावडी घेऊन, काही दोन-दोन दिवस चालून, आणि वाटेत सगळ्या धर्मांची माणसं त्यांना पाणी, सरबत, खाणं देतात. १९७२ मध्ये या तळ्यात गंगेचं पाणी आणून मिसळलं. इतक्या लांबून जपून ठेवलेलं नातं आहे हे, तिथे घाई करू नका.

इल ओ सेर्फ सोडा. ते पूर्व किनाऱ्यावर, तुमच्यापासून खूप लांब, बोटींची गर्दी, आणि लगून तर तुमच्या दारातच आहे. त्या जागी सोमवारी आग्नेय किनाऱ्यावरच्या माएबूर गावाला जा, सोमवारचा बाजार भरतो, बंदराला लागून, कापड, भाज्या, खाणं. जवळच १८७० पासून चालू असलेला मॅनिऑक बिस्किटांचा कारखाना आहे, तव्यावर भाजतात. आणि सकाळीच पहिल्या फेरीत इल ओ एग्रेत. हे छोटंसं बेट एका निसर्गसंस्थेने मूळच्या जंगलासारखं परत उभं केलंय, गाइडबरोबरच जाता येतं, आबनूसची झाडं, मोकळी फिरणारी मोठाली कासवं, आणि गुलाबी कबुतर, जे १९९० च्या सुमारास जंगलात दहाच्या आसपास उरलं होतं. लेकीला हे आयुष्यभर लक्षात राहील. बुकिंग आधी करा. मग शेजारी ब्लू बेमध्ये काचेच्या तळाच्या बोटीतून प्रवाळ बघा. याच बाजूला २०२० च्या जुलैमध्ये वाकाशिओ जहाज प्रवाळावर चढलं आणि ऑगस्टमध्ये तेल सांडायला लागलं तेव्हा हजारो लोक उसाचं पाचट घेऊन किनाऱ्यावर आले. कापडाच्या लांबच लांब पिशव्या शिवून त्यात पाचट भरलं, केस दान केले, आणि तेल अडवणारे बांध समुद्रात सोडले. माझा ड्रायव्हर तीन दिवस तिथे होता, त्याच्या नखांतला काळेपणा दोन आठवडे गेला नाही असं तो सांगतो. तो हे सांगतो तेव्हा गाडी बाजूला घेतो.

म्हणून पाण्याबद्दल मी कडक आहे. प्रवाळावर उभं राहायचं नाही, शिंपले-प्रवाळ उचलून आणायचे नाहीत, क्रीमऐवजी लांब बाह्यांचे स्विमिंगचे कपडे. आणि चौघांना रबरी तळाचे रीफ शूज, सासूबाई नुसत्या घोटाभर पाण्यात उभ्या राहणार असल्या तरी. माझ्या एका ग्रुपमधल्या आजोबांच्या पायात समुद्री साळिंदराचे म्हणजे अर्चिनचे काटे गेले होते, रिसॉर्टवर कोणी सांगितलंच नव्हतं आणि तेव्हा मलाही सुचलं नव्हतं, पूर्ण ट्रिप त्यांनी खोलीत काढली. तामारिनला डॉल्फिन बघायच्या बोटी सकाळी निघतात, एका कळपामागे दहा-दहा बोटी लागतात, पाण्यात उड्या मारतात. मी नेत नाही. दक्षिणेला ग्री-ग्रीला गेलात तर लाटा बघा पण पाण्यात उतरू नका, तिथे प्रवाळाची भिंत तुटलेली आहे आणि समुद्र सरळ आत येतो.

बाकी बॅगेत मॉरिशस रुपये सुट्टे ठेवा, ढोल पुरीवाल्याकडे कार्ड चालत नाही. ताजी फळं, भाज्या, बियाणं भारतातून नेऊ नका, विमानतळावर काढून घेतात. आणि एक घडीचा कागदी आकाशकंदील घेऊन जा, बॅगेच्या तळाशी सपाट मावतो. मी दर दिवाळीला एक नेते, कास्काव्हेलला ज्या घरी आमचा चहा होतो तिथल्या आजींसाठी. मागच्या खेपेला गेले तर आधीच्या वर्षीचा अजून व्हरांड्यात होता, ऊन खाऊन केशरीचा पिवळा झालेला, झिरमिळ्या अर्ध्या गळलेल्या, आणि आजींनी नवा लावायला जुना उतरवू दिला नाही. दोन्ही शेजारी शेजारी टांगले.